शेगड्याचा जीर्णोद्धार

पुण्याहून नाशिककडे जाणाऱ्या हमरस्त्यावर नारायणगाव मागे टाकून आळेफाट्याच्या रोखाने निघाले, म्हणजे कुकडीच्या पाण्यावर पोसलेली पिंपळवंडीची बागाईत शिवारे लागतात. ऊस, कांदा, टोमॅटो आणि द्राक्षे ही तेथील संपत्ती जाणाऱ्या-येणाऱ्याच्या सहज नजरेत भरते. परंतु ज्या पंपांच्या, ट्रॅक्टरांच्या, फवारणी यंत्रांच्या आणि ट्रॉल्यांच्या भरवशावर ही शेती चालते, त्यांची मरामत करणाऱ्या या टापूतील लहानसहान वर्कशॉपांकडे, काही मोडल्याखेरीज, कोणी निरखून पाहत नाही. अशा एखाद्या वर्कशॉपात वेल्डिंगचे यंत्र आणि ग्राइंडर ही दर काही वर्षांनी बदलणारी सामग्री होय. मात्र जाड लाकडी बाकाच्या कडेला बोल्टांनी जखडलेला बिडाचा शेगडा, ज्यास कामगारमंडळी बेंच व्हाइस अथवा नुसते वाइस म्हणतात, तो पुष्कळदा मालकाहूनही वयाने वडील असतो.

हा शेगडा स्वतः काही कापीत नाही, घाशीत नाही की वाकवीत नाही. दुसऱ्या हत्याराने ती कामे चालली असता जिन्नस जागच्या जागी अढळ धरून ठेवणे, एवढेच त्याचे कर्तव्य असते. म्हणूनच जुन्या शेगड्याची दुरुस्ती करून त्यास नवा रंग देण्याचा जो उद्योग अलीकडे हौशी आणि व्यावसायिक अशा दोन्ही प्रकारच्या मंडळींत दिसू लागला आहे, त्याची परीक्षा रंगाच्या चकाकीवरून न करता पकडीच्या इमानदारीवरून केली पाहिजे. रंग कोठे द्यावा हे सांगणारे पुष्कळ भेटतात. कोठे देऊ नये हे ज्यास कळले, त्यास शेगडा कळला असे खुशाल समजावे.

धातुकामाची परंपरा या मुलखास नवी नाही. जुन्नरच्या लेण्यांतील, इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांमधील शिलालेखांत कांस्यकारांच्या श्रेणीचा, म्हणजे काशाचे काम करणाऱ्यांच्या संघाचा, उल्लेख आढळतो. पुढे गावगाड्यात लोहार हा बलुतेदार झाला आणि कुणब्यांच्या नांगराचे फाळ, कुळवाची पास, विळे व कुऱ्हाडी यांची वर्षभराची दुरुस्ती करून तो खळ्यावर आपले बलुते मागू लागला. परंतु ऐरण, घण, भाता आणि सांडशी एवढ्या सामग्रीवर चालणारे हे काम मुख्यतः तापवून ठोकण्याचे होते. थंड लोखंड कानशीने नेमक्या मापात घासण्याची गरज गावात उत्पन्न झाली ती यंत्रे आल्यानंतर. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. विहिरींवरच्या मोटांची जागा तेलाच्या इंजिनांनी आणि त्यांची जागा पुढे विजेच्या पंपांनी घेतली, आणि या यंत्रांच्या पाठोपाठ, त्यांचे सुटे भाग धरून घासावयास, शेगडाही गावोगाव येऊन बसला. मुंबईच्या गिरण्या, रेल्वेचे कारखाने आणि खडकीचे सरकारी कारखाने यांतून लिलावात निघालेला माल पुण्याच्या जुन्या बाजारासारख्या ठिकाणी विकला जाई, आणि अशा वाटांनी शेफील्डच्या ‘रेकॉर्ड’ किंवा यॉर्कशरच्या पार्किन्सन यांसारख्या विलायती कारखान्यांचे शेगडेही महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांत पोचले.

शेगड्याच्या दुरुस्तीस इतिहासात एक मानाचे स्थान आहे. १७८९ साली लंडनमध्ये, कुलपांच्या शोधामुळे नावाजलेल्या जोसेफ ब्रामा याच्या कारखान्यात हेन्री मॉड्सले नावाचा अठरा वर्षांचा एक पोरगा नोकरीसाठी गेला. त्याने शिरस्त्याप्रमाणे सात वर्षांची उमेदवारी केलेली नव्हती. सबब एवढ्या लहान वयाच्या मनुष्यास कुशल कामगारांच्या पंक्तीला कसे बसवावे, अशी तेथील मंडळींस अडचण पडली. तेव्हा मॉड्सलेने बाकावरच्या एका झिजून निकामी झालेल्या शेगड्याकडे बोट दाखवून, तो दिवस मावळण्यापूर्वी नव्यासारखा करून देतो, असे म्हटले. आणि जबड्यांवर नवे पोलाद चढवून, कानशीने ते सरळ करून त्याने दिलेला शब्द खरा केला. सॅम्युअल स्माइल्स याने १८६३ साली प्रसिद्ध केलेल्या औद्योगिक चरित्रांत ही हकीकत नमूद आहे. याच मॉड्सलेने पुढे अचूक मळसूत्र कापणारे लेथ सिद्ध केले, आणि त्याच्या कारखान्यात वाढलेल्या जोसेफ व्हिटवर्थ याने १८४१ साली मळसूत्राच्या आट्यांचे पहिले सर्वमान्य प्रमाण ठरविले. त्या दिवशी मॉड्सलेने रंगाचा डबा उघडला नव्हता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आता या साधनाची रचना पाहू. बाकास जखडलेला तो स्थिर जबडा, आणि त्याच्या पोटातील चौकोनी वाटेतून मागेपुढे सरकतो तो चल जबडा. चल जबड्यातून एक जाड पोलादी मळसूत्र आरपार जाते व त्याचे आटे स्थिर भागात बसविलेल्या नटात फिरतात. जबड्यांच्या तोंडांवर, स्क्रूंनी धरलेल्या, पाणी दिलेल्या पोलादाच्या दातेरी पट्ट्या असतात. दांडा फिरविला की मळसूत्र फिरते आणि जबडा सरकतो. परंतु एवढ्याशा खटाटोपातून केवढे बळ उत्पन्न होते याची कल्पना थोड्या गणितावाचून येत नाही. दांड्याची लांबी मध्यापासून २५० मिलिमीटर आणि एका फेऱ्यात जबडा सरकण्याचे अंतर ६ मिलिमीटर धरले, तर हात सुमारे १,५७० मिलिमीटर फिरतो तेव्हा जबडा ६ मिलिमीटर पुढे जातो. म्हणजे बळ सुमारे २६० पटींनी वाढावयास हवे. घर्षणात त्यांपैकी चार-पंचमांश खर्ची पडले असे मानले तरी, वीस किलोच्या ओढीने सुमारे एक टनाचा दाब जबड्यांत येतो. गंमत अशी की, हे घर्षण निव्वळ नुकसानीचे नव्हे. ते आहे म्हणूनच हात सोडल्यावर मळसूत्र आपसूक उलटे फिरून पकड सैल होत नाही.

या हिशेबातूनच जुने शेगडे का मोडतात याचाही उलगडा होतो. शेगड्याचे अंग बहुधा बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे असते. बिडात कार्बनाचे प्रमाण शेकडा दोनहून अधिक असून त्याचा बराचसा भाग ग्रॅफाइटच्या सूक्ष्म पापुद्र्यांच्या रूपाने धातूत विखुरलेला असतो. त्यामुळे बीड दाब उत्तम सोसते आणि कानशीची थरथर पोटात घालते. ताण किंवा फटका मात्र त्यास मानवत नाही. आता दांड्याची लांबी ही कारखानदाराने हिशेबाने ठरविलेली मर्यादा असते. पण जोर पुरेना म्हणून दांड्यात पाइप अडकवून लांबी दुप्पट करण्याची वहिवाट आपल्याकडे सर्रास आहे, आणि शेगड्यालाच ऐरण समजून त्यावर घणाचे घाव घालण्याची तर त्याहून अधिक. बाकास बोल्टांनी जखडण्याचे तुटके कान, वाकडा दांडा आणि चल जबड्याच्या गळ्याशी गेलेली चीर ही या दोन सवयींची साक्ष होय.

म्हणून हात घालण्यापूर्वी खातरजमा करावी. अंग रॉकेलने पुसून तेलकट चिंधीने ओले करावे, कोरड्या फडक्याने टिपून घ्यावे आणि वर खडूची पूड भुरभुरावी. चिरेत मुरलेले तेल थोड्या वेळाने पुडीवर काळी रेघ उमटवून तिचा ठावठिकाणा सांगते. चल जबड्याच्या, वाटेतून सरकणाऱ्या चौकोनी अंगातच आरपार चीर असली, तर जीर्णोद्धाराचा हट्ट धरू नये. जुने लोखंड भट्टीत जाणे यात त्याची अप्रतिष्ठा नाही. पहिल्या महायुद्धात बिडाची टंचाई पडली, तेव्हा किर्लोस्करवाडीच्या नांगरांसाठी कोल्हापूर संस्थानातील निरुपयोगी झालेल्या तोफा वितळविल्या गेल्या होत्या. परंतु अंग शाबूत असून केवळ गंज, मळ आणि झीज एवढाच दोष असेल, तर चांगल्या जुन्या बिडाचा शेगडा भंगाराच्या वजनाने विकणे हा शुद्ध अविचार होय.

सुटे करण्याचे काम शांत डोक्याने करावे. मळसूत्र पूर्ण उलटे फिरविले की ते नटातून सुटते आणि चल जबडा पुढे ओढून बाहेर काढता येतो. सहा इंची शेगड्याचा हा भाग चांगलाच वजनदार असतो, तेव्हा खाली हात किंवा ठोकळा असावा. मळसूत्रास चल जबड्याशी जोडून ठेवणारी पिन किंवा कडी आणि आत दडलेला नट काढून घ्यावा. खरी कसोटी लागते ती जबड्यांच्या पट्ट्या धरणाऱ्या स्क्रूंशी. गंजाने एकजीव झालेले हे स्क्रू नुसत्या जोराने काढू गेल्यास त्यांची माथी उडतात. रॉकेल-डिझेलचे मिश्रण रात्रभर मुरवावे, खाचेत नेमका बसणारा पेचकस धरून माथ्यावर हलके ठोके द्यावेत, आणि तेवढ्याने न भागल्यास, तेल पुसून टाकल्यानंतर, भोवतीचे बीड दिव्याने बेताने तापवावे. तापलेले बीड प्रसरण पावते आणि स्क्रूची पकड ढिली होते.

यानंतर जुना रंग. आपल्या वर्कशॉपांतून खंडेनवमीस यंत्रे व हत्यारे धुऊन-पुसून त्यांची पूजा करण्याची रीत आहे, आणि त्या उत्साहात डब्यात उरला असेल तो ऑइल पेंट यंत्रांवरून फिरविण्याचीही. हा हात बहुधा शिकाऊ पोराचा असतो आणि तो भेदाभेद जाणत नाही: अंगावर रंग, मळसूत्राच्या आट्यांवर रंग, जबड्याच्या दात्यांत रंग, आणि बिडात उठावाने ओतलेल्या कारखान्याच्या नावावर तर इतक्या वेळा रंग, की अक्षरे बुजून तेथे नुसता उंचवटा राहतो. अशा शेगड्याच्या कडेवर धारदार पात्याने तिरपे खरवडले, तर वर हिरवा, त्याखाली राखाडी, मग तांबडा, पुन्हा हिरवा असे पातळ थर एकाखाली एक उघडे पडतात आणि किती दसरे या बाकाने पाहिले याचा अदमास येतो. सर्वांत खाली बिडाला चिकटलेला एखादा नारिंगी-तांबडा थर लागल्यास मात्र सावध व्हावे. जुन्या काळी लोखंडास पहिला हात शेंदराचा, जवसाच्या तेलात कालवून, दिला जाई. आणि शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड होय. वरच्या जुन्या थरांतही शिसे असू शकते. घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशास दहा लाख भागांत ९० भाग अशी मर्यादा भारत सरकारने घातली ती २०१६ च्या नियमांनी. त्यापूर्वीच्या डब्यांची हमी कोणी द्यावी? म्हणून असा रंग ग्राइंडरने कोरडा उडवू नये आणि जाळूही नये. तो रंग काढण्याच्या द्रावणाने मऊ करून ओला खरवडावा, तोंडास धूळ अडविणारा मुखवटा बांधावा, खरवडण जमिनीत न टाकता डब्यात बंद करावी, आणि पोराबाळांस त्या जागेपासून दूर ठेवावे.

गंज काढण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपर यांचा. तो सरळ, परंतु खाचाखोचांत पोचत नाही. दुसरा आम्लाचा: चिंचेचे पाणी, लिंबाचे सत्त्व किंवा व्हिनेगर. आम्ल गंज विरघळविते खरे, पण गंज संपल्यावर थांबत नाही, लोखंडासही लागते. म्हणून जिन्नस वरचेवर तपासावा आणि शेवटी सोड्याच्या पाण्याने धुवावा. तिसरा मार्ग विजेचा असून, घरोघरी ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या असलेल्या या भागात तो सहजसाध्य आहे. प्लॅस्टिकच्या टबात धुण्याच्या सोड्याचे पाणी करावे, शेगड्याचा भाग त्यात बुडवून त्यास १२ व्होल्टच्या चार्जरची ऋण तार जोडावी आणि धन तार भोवती उभ्या केलेल्या साध्या लोखंडी पत्र्यास द्यावी. पत्रा व शेगडा यांचा परस्परांस स्पर्श होऊ देऊ नये. काही तासांत गंजाचा काही अंश काळ्या, सैल थरात पालटतो, उरलेला बुडबुड्यांबरोबर सुटा होतो आणि ब्रशने निघून येतो. निरोगी लोखंडास मात्र धक्का लागत नाही. तारा उलट जोडल्यास नेमका शेगडाच झिजतो, हे विसरू नये. बुडबुड्यांत हायड्रोजन असतो, सबब हे काम उघड्या हवेत, ठिणगीपासून दूर करावे. आणि पत्र्याऐवजी स्टेनलेस स्टील कधीही वापरू नये, कारण त्यातून क्रोमियमची विषारी संयुगे पाण्यात उतरतात.

स्वच्छ झालेल्या अंगावर झिजेचा खरा पाढा वाचता येतो. पट्ट्यांचे दाते गेले असतील, तर पट्ट्या नव्या करून घ्याव्यात. मध्यम कार्बनाच्या पोलादाची पट्टी कापून, भोके पाडून, तिला पाणी देणे हे कोणत्याही जाणत्या टर्नर-फिटरच्या आवाक्यातले आहे. झीज बहुधा मळसूत्रापेक्षा नटात अधिक असते, आणि ते योग्यच आहे. नट बदलणे स्वस्त पडते, मळसूत्र बदलणे महाग. तुटलेला कान जोडावयाचा झाल्यास बिडाचा स्वभाव ओळखून वागावे. साध्या वेल्डिंग रॉडने घाईत लावलेला टाका थंड होताना शेजारीच तडकतो. निकेलचा रॉड वापरावा किंवा पितळी डाग द्यावा, भाग आधी सर्व बाजूंनी तापवून घ्यावा आणि काम झाल्यावर कोरड्या राखेत किंवा चुन्यात पुरून सावकाश निवू द्यावा. मात्र अंगावरचे जुने घाव, छिन्नीचे वण आणि ड्रिलची चुकार भोके बुजविण्याच्या फंदात सहसा पडू नये. त्यांनी पकड बिघडत नाही, आणि ती त्या शेगड्याची हयात आहे.

आता रंगाकडे वळू. धुतलेले बीड कोरडे होताच त्यावर काही मिनिटांत पुन्हा तांबूस झाक चढू लागते. म्हणून उन्हात चांगले तापवून, थिनरच्या फडक्याने तेलाचा अंश पुसून, त्याच दिवशी अस्तराचा हात द्यावा. अस्तरास रेड ऑक्साइड प्रायमर घ्यावा. त्यातील तांबडे द्रव्य हे गेरूच्याच जातीचे, म्हणजे लोखंडाचाच ऑक्साइड असते. गंज सैल आणि पाणी धरणारा असतो; हे द्रव्य स्थिर असून तेलात बांधलेले असते, आणि जस्ताची संयुगे मिसळलेली असल्यास ते गंजास अधिकच अटकाव करते. ओतकामाचा खरखरीतपणा डोळ्यांस खुपत असेल तर पातळ लांबी भरून घासावी, परंतु अक्षरांच्या कडा बुजू देऊ नयेत. त्यावर सिंथेटिक एनॅमलचे दोन-तीन पातळ हात, प्रत्येकास डब्यावर लिहिलेल्या मुदतीइतका वेळ देऊन, द्यावेत. जाड एकच हात वरून वाळतो आणि आत ओला राहतो. आषाढ-श्रावणातील दमट हवेत हे काम करू नये. पाऊस सरल्यावरची कोरडी, मंद उन्हाची हवा यास सर्वोत्तम.

रंगाची निवड हा हौसेचा प्रश्न आहे. पण मूळ रंग जाणून घ्यावयाचा असल्यास पट्ट्यांच्या मागे आणि तळाच्या बैठकीखाली पाहावे, कारण तेथे कोणत्याही दसऱ्याचा ब्रश पोचलेला नसतो. रेकॉर्डचे शेगडे निळ्या रंगामुळे ओळखले जात. आपल्याकडे भारतीय मानकांच्या रंगतक्त्यातील १०५ क्रमांकाचा ऑक्सफर्ड निळा किंवा ६३२ क्रमांकाचा गडद ॲडमिरल्टी ग्रे यांपैकी एखादा दुकानदारास क्रमांक सांगून मागता येतो. मात्र पुढील जागा उघड्याच राहिल्या पाहिजेत: जबड्यांच्या पट्ट्या आणि त्या जेथे टेकतात ती बैठक, मळसूत्र व नट, चल जबड्याच्या सरकत्या बाजू, त्या जीतून सरकतात ती वाट, बैठक फिरती असल्यास तिची घासणारी तोंडे आणि मागचा, हलक्या ठोक्यांपुरता असलेला सपाट माथा. रंगाचा थर मिलिमीटरचा दहावा हिस्सा असला तरी तो दाबाखाली असमान चेपतो, पट्टी तिरकी बसते आणि सरकता जबडा अडखळतो. शिवाय तेथून सुटलेली रंगाची खपली ग्रीसमध्ये मिसळून आट्यांत शिरते. या जागांवर आधी कागदी टेप लावावी, आणि नंतर त्यांचे रक्षण रंगावर न सोपविता तेलावर सोपवावे.

जोडणीच्या वेळी मळसूत्रास आणि नटास ग्रीस द्यावे, सरकत्या बाजूंस पातळ तेल. मग चाचणी घ्यावी: कागदाचे तीन कपटे जबड्यांच्या दोन टोकांशी व मध्यभागी धरून पकड हलकेच आवळावी आणि एकेक ओढून पाहावा. तिन्ही सारख्याच जोराने अडले तर पट्ट्या समांतर आहेत. एखादा सुळकन निघाला तर त्या बाजूची पट्टी काढून बैठक पुन्हा तपासावी. बाकावर शेगडा बसविताना स्थिर जबड्याचे तोंड बाकाच्या कडेच्या किंचित बाहेर असावे, म्हणजे लांब सळई उभी धरता येते. आणि जबड्यांचा माथा उभ्या माणसाच्या कोपराच्या उंचीस यावा, म्हणजे कानस चालविताना हात आडवा, सरळ रेषेत फिरतो आणि कंबर वाकत नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फिटरचे शिक्षण घेणाऱ्या मुलाचे पहिले दिवस याच उंचीवर, लोखंडाचा ठोकळा घासण्यात जातात, आणि त्याच्या हातास जी सरळ रेषेची सवय लागते ती निम्मी शेगड्याची देणगी असते.

अशा रीतीने सिद्ध झालेला शेगडा काचेच्या कपाटात ठेवण्यासाठी नव्हे. काम न करणारा शेगडा दमट हवेत, कामावर असलेल्या शेगड्यापेक्षा लवकर गंजतो, कारण त्याच्या आट्यांतून तेल फिरत नाही. त्यावर ओरखडे पडतील, कडांचा रंग उडेल, आणि ते पडावेतच. येत्या खंडेनवमीस मात्र हळदकुंकू वाहण्यापूर्वी ब्रश बाजूस ठेवावा, मळसूत्र पूर्ण बाहेर काढून आट्यांतला कीस रॉकेलने धुवावा आणि नवे ग्रीस भरावे; एवढी सेवा दरसाल घडली, तर पुन्हा रंगाचा डबा उघडण्याची वेळ पुढच्या पिढीवर येईल.